मण्यामागून मणी

पहाटे साडेपाचला देवघरात आईंची माळ सुरू होते. सासूबाईंना मी आईच म्हणते. तुळशीचे मणी हलके, त्यामुळे त्यांचा आवाज असा होत नाही, नुसती सरसर कानावर येते. मधलं बोट आडवं, त्यावर माळ, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लागू द्यायची नाही. १०८ मणी झाले की मेरुमणी येतो. तो ओलांडायचा नाही. माळ फिरवायची आणि आल्या वाटेने परत निघायचं.

चहाला आधण येईपर्यंत मी ओट्याशी उभी राहून त्यांच्या अंगठ्याकडे बघत असते. दिवसभर माझंही काम मणी मोजण्याचंच असतं, फक्त माझे मणी डोळ्यांना दिसत नाहीत.

आज ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी माझी एक जुनी चिप पडली आहे. काल पर्समध्येच राहून गेली. पोस्टाच्या तिकिटाएवढा पारदर्शक रबराचा तुकडा, काचपट्टीवर चिकटवलेला. सरळ धरला तर आत काही आहे असं वाटत नाही. खिडकीतल्या उजेडाकडे जरा तिरका केला की एक रेघ चमकते. ती रेघ म्हणजे पाण्याची वाट. रुंदी १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास. मध्यावर ती आवळत आवळत २० मायक्रॉनवर येते, तशीच थोडी पुढे जाते आणि पुन्हा मोकळी होते. त्या आवळलेल्या जागेला आम्ही लॅबमध्ये 'गळा' म्हणतो. माझी आठ वर्षं असे गळे आखण्यात गेली आहेत.

गळ्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं आणि त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह सोडलेला असतो. मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते. रक्तातली पेशी मात्र तिला वाट देत नाही, कारण पेशीचं पातळ आवरण विजेला अडवतं. पेशी गळ्यात शिरली की तिच्या आकारमानाएवढं मिठाचं पाणी बाजूला सारलं जातं, वीज क्षणभर अडखळते आणि पडद्यावर एक टेकाड उमटतं. पेशी बाहेर पडली की रेघ पुन्हा सपाट. एक टेकाड म्हणजे एक पेशी. टेकाड जितकं उंच, तितकी पेशी मोठी.

ही युक्ती वॉलेस कोल्टर यांची. १९१३ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मलेला हा माणूस १९३० च्या दशकात क्ष-किरण यंत्रांच्या कामासाठी शांघाय, सिंगापूर अशा गावी होता. तिथल्या इस्पितळांत त्याने तंत्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून एकेक रक्तपेशी मोजताना पाहिलं. ते दृश्य त्याच्या मनातून गेलं नाही. पुढे शिकागोत, भाऊ जोसेफ यांना हाताशी धरून, घराच्या तळघरात त्याने हे यंत्र जुळवलं. सांगतात की पहिलं भोक त्याने सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने पाडलं होतं. १९४९ साली पेटंटसाठी अर्ज गेला, १९५३ साली पेटंट मिळालं. त्याची यंत्रं सेकंदाला सहा हजारांवर पेशी मोजू लागली. आज गावोगावच्या लॅबमध्ये सीबीसीचा जो कागद हातात पडतो, त्यातल्या तांबड्या पेशींचा आणि प्लेटलेट्सचा आकडा बहुतेक वेळा याच तत्त्वावर निघालेला असतो.

शांघायमधल्या त्या तंत्रज्ञांचे डोळे मला समजतात. कॉलेजात आम्ही न्यूबॉअर चेंबरवर मोजणी शिकलो. काचेवर कोरलेल्या चौकटी, मोठ्या चौकटीची बाजू एक मिलिमीटर, वरच्या काचेखाली खोली ०.१ मिलिमीटर. पेशी रेघेवरच बसली असेल तर ती कुठल्या घरातली? त्याचा नियम होता: वरच्या आणि डावीकडच्या रेघेवरची धरायची, खालच्या आणि उजवीकडची सोडायची. दोनशेच्या पुढे गेलं की मिटल्या डोळ्यांसमोरही चौकटी दिसत. मोजणारीचा हात थरथरला, कुणी हाक मारली, की पुन्हा पहिल्या घरापासून. कोल्टरने घरं काढूनच टाकली. मोजणारा जागेवर राहतो, पेशी चालत येतात.

मात्र त्यांना एकेक करून चालायला लावणं फार अवघड आहे. सुईच्या टोकावर मावेल एवढ्या रक्तात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, साधारण ५० लाख तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या सातेक हजार आणि प्लेटलेट्स दोन-अडीच लाख. सेकंदाला हजार या वेगाने त्या तांबड्या पेशी मोजायला बसलं तर एवढ्याशा रक्ताला सव्वा तासाच्या वर लागेल. तेही सगळ्या शिस्तीत आल्या तर. त्या तशा येत नाहीत. दोन पेशी एकाच वेळी गळ्यात शिरल्या की पडद्यावर टेकाड एकच उठतं. दोघींची एक होते. म्हणून रक्त पातळ करायचं, खूप पातळ, इतकं की दोन पेशींच्या मध्ये कितीतरी पेशींएवढं नुसतं पाणी असावं. आईंच्या माळेत दोन मण्यांच्या मध्ये गाठ असते. बोटाला एक मणी संपल्याचं कळतं ते त्या गाठीमुळे. आमच्याकडे गाठीचं काम पाणी करतं.

मग प्रश्न येतो गळा केवढा ठेवायचा हा. माझी सगळी वर्षं या एका प्रश्नात गेली असं म्हटलं तरी चालेल. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, प्लेटलेट दोन-तीन मायक्रॉनची. पण टेकाडाची उंची व्यासावर ठरत नाही, आकारमानावर ठरते, आणि आकारमान व्यासाच्या घनाने उतरतं. व्यास निम्मा झाला की टेकाड आठव्या हिश्शावर येतं. २० मायक्रॉन रुंदीच्या गळ्यातून प्लेटलेट जाते तेव्हा विजेच्या वाटेत पडणारा फरक हजारात एक, एवढाच असतो. ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या पंपाची धडधड, कुणी दार लावल्याचा धक्का, सगळं त्याहून मोठं. प्लेटलेट नीट दिसायची तर गळा आणखी आवळायला हवा. पण पांढऱ्या पेशीलाही त्याच वाटेने जायचं असतं. ती बारा-पंधरा मायक्रॉनची. गळा फार आवळला की ती दारातच अडकते, तिच्यामागे सगळ्या थांबतात आणि चिप संपते. शिवाय पाणीही जायचं नाकारतं. पॅरिसच्या प्वाझ्यी नावाच्या डॉक्टरने १८४० च्या सुमारास केसासारख्या काचनळ्यांतून पाणी सोडून हा हिशेब मांडला होता: नळीची त्रिज्या निम्मी केली तर तेवढ्याच दाबाने जाणारं पाणी सोळापट कमी होतं. तोही रक्तवाहिन्यांचाच विचार करत होता.

लहानाला दिसण्यासाठी अरुंद हवं, मोठ्याला जाण्यासाठी रुंद हवं. एका गळ्यात दोन्ही बसवायचं.

यावर एक तोड मला फार आवडते. गळा रुंदच ठेवायचा आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ पाण्याचे दोन प्रवाह आत सोडायचे. मधला रक्ताचा प्रवाह त्यांच्यामध्ये दाबला जाऊन धाग्यासारखा बारीक होतो आणि पेशी आपोआप एका ओळीत येतात. लंडनच्या क्रॉसलंड-टेलर यांनी ही कल्पना १९५३ सालीच मांडली. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढे त्यांचं पाणी वेगळं ओळखता येत नाही. केसाएवढ्या वाटेत तसं होत नाही. इथे पाणी उसळत नाही, भोवरा धरत नाही. तीन धारा एकमेकींना लागून, काठ न मोडता, शेवटपर्यंत सरळ जातात. मधल्या धारेत रंग टाकून मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ डोळे उचलले नव्हते. पाणी असंही वागतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

चिप बनवणं तसं स्वयंपाकाच्या जवळचं आहे. दोन दाट द्रव, दहाला एक या मापाने, पेल्यात घोटायचे. घोटताना हवा धरते, मिश्रण दुधासारखं पांढरं दिसतं. मग निर्वात भांड्यात ठेवायचं. बुडबुडे वर येतात, फुगतात, फुटतात आणि तासाभराने ते पाण्यासारखं नितळ होतं. सिलिकॉनच्या तबकडीवर उंचवटे करून घेतलेला साचा तयार असतो. त्यावर ओतायचं आणि ७० अंशांवर दोनेक तास भाजायचं. निघतं ते लवचिक रबर, खालच्या अंगाला साच्याच्या बारीक खुणा घेऊन. ही रीत १९९८ च्या सुमारास हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने रुळवली. तिच्यामुळे माझ्यासारखीला मोठा कारखाना नसताना आज आखलेली चिप परवा हातात घेता येते. भोकं पाडायची, वायूच्या जांभळट उजेडात मिनिटभर धरायची, काचेवर टेकवायची. नीट बसली की काच आणि रबर एकजीव. आता नखाने उकरलं तरी सुटत नाही.

तरीही दहातल्या दोन-तीन पहिल्या दिवशीच वाया जातात. एक बुडबुडा कोपऱ्यात बसतो आणि हलत नाही. रुमालाचा एक तंतू दाराशी आडवा येतो. म्हणून आता दाराशी बारीक खांबांची रांग असते, कचरा तिथेच थांबावा म्हणून. सिरिंजमध्ये पेशी हळूहळू तळाला बसतात आणि अर्ध्या तासाने आकडा उतरू लागतो. रक्त तेच, माणूस तोच, आकडा वेगळा. या उतरत्या आकड्याने मला पहिल्या वर्षी पुष्कळ रडवलं.

गेल्या भाद्रपदात आईंना ताप आला. गल्लीत डेंग्यूचे पेशंट होतेच. चौथ्या दिवशी रक्त दिलं. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, पण रात्री नऊला फोनवर जो रिपोर्ट आला त्यात प्लेटलेट्स ४२,०००. दीड लाखाच्या खाली गेल्या की कमी समजायच्या. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या, नणंदेने किवी पाठवली, यांनी रक्तपेढीचे नंबर काढून ठेवले. आई मात्र अंथरुणात बसून माळ ओढत होत्या. अंगावर कुठे डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही. मी रात्रभर त्या आकड्याकडे बघत होते. असे आकडे काढणारी यंत्रं कशी चालतात हे मला ठाऊक आहे, आणि तरीही तो आकडा खोटा असू शकेल हे माझ्या मनात आलं नाही.

सकाळी दुसऱ्या ठिकाणच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट वाचला, आईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "स्लाइड बघितल्याशिवाय मी या आकड्यावर काही बोलणार नाही." पुन्हा रक्त घेतलं. थोड्या वेळाने मला आत बोलावून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. स्लाइडच्या कडेला जांभळ्या रंगात भिजलेल्या खसखशीच्या चिमटी पडाव्यात तसे पुंजके होते. एकेका पुंजक्यात वीस-वीस, तीस-तीस प्लेटलेट्स. "या बघा तुमच्या हरवलेल्या," बाई म्हणाल्या.

सीबीसीसाठी रक्त घेतात ती जांभळ्या झाकणाची नळी. तिच्यात इडीटीए नावाचं द्रव्य असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि रक्त गोठू देत नाही. पण काही माणसांच्या रक्तात असं काही असतं की या द्रव्यात आल्यावर प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. शरीरात नाही, फक्त नळीत. आणि नळी जितका वेळ तशीच राहील तितक्या जास्त. मग निळ्या झाकणाच्या नळीत, सायट्रेटमध्ये, रक्त घेतलं. आकडा आला १,७०,०००. त्या नळीतल्या द्रवाने रक्त जरा पातळ होतं, म्हणून १.१ ने गुणायचं: १,८७,०००. ताप साध्या विषाणूचा होता. तीन दिवसांत उतरला. डेंग्यूत प्लेटलेट्स खरोखरच झपाट्याने उतरतात, तेव्हा आमचं ऐकून कुणी कमी आकडा अंगावर काढू नये. मी एवढंच सांगते आहे की त्या रात्री यंत्राने चूक केली नव्हती. एकेकट्या आलेल्या प्लेटलेट्स त्याने बरोबर मोजल्या होत्या. ज्या हात धरून आल्या, त्यांचं टेकाड प्लेटलेटच्या मापात बसलं नाही, म्हणून त्या प्लेटलेट्स ठरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी माझाच प्रोग्रॅम उघडला. टेकाडं ओळखणारा तो प्रोग्रॅम तीन वर्षांपूर्वी मी लिहिला होता. त्यात एक ओळ होती: अमुक उंचीपेक्षा मोठं टेकाड आलं तर धूळ समजून वगळ. शेजारी माझ्याच हातची टीप, 'गोंगाट'. तीन वर्षांत त्या ओळीने किती पुंजके वगळले असतील याचा हिशेब आता लागणार नाही, कारण वगळलेलं मी साठवूनही ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या चिपला एकामागे एक असे दोन गळे असतात. एकटी पेशी दोन्हीकडे सारखं, आटोपशीर टेकाड देते. पुंजका लांबट, ओबडधोबड टेकाड देतो, आणि पहिल्या गळ्यात कधी सुटला तर दुसऱ्यात वेगळा दिसतो. आता टेकाडाची उंचीच नाही, लांबीही बघते. कुठलंही टेकाड फेकत नाही. आकडाही एकटा देत नाही: एकट्या आलेल्या इतक्या, जोडीने-घोळक्याने आलेले इतके, ओळखता न आलेले इतके. आमच्या गटातल्या मुलाला सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "मॅडम, डॉक्टरांना एक आकडा हवा असतो," असं तो म्हणाला होता. त्याचं बरोबर आहे. दवाखान्यात गर्दी असते, आकडा एकच लागतो. पण एका रात्री आमच्या घरात तो एकच आकडा होता आणि त्याच्या बाजूला काय राहून गेलं हे सांगणारं कागदावर काहीच नव्हतं. मला माझ्या कागदावर ती जागा हवी आहे.

आणखीही एक गोष्ट मला हवी आहे, ती इथे सांगून टाकते. आडगावात घेतलेली नळी मोजणाऱ्या यंत्रापर्यंत पोचेस्तोवर कितीतरी वेळ जातो, आणि त्या वेळात पुंजके वाढत असतात. चिप बोटाएवढी असेल, बॅटरीवर चालणारी, तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटेशेजारी ठेवता येईल आणि रक्त ताजं असतानाच मोजता येईल. यातही अडचणी आहेत. बोटाला टोचून घेतलेलं रक्त हळू निघालं तर थेंबातच प्लेटलेट्स गोळा होऊ लागतात. टोचणारीचा हात चांगला हवा. हात चांगला असलेल्या पुष्कळ सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्यांच्या हाती देता येईल अशी चिप अजून माझ्याकडून झालेली नाही.

चहा गाळून मी आईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांची नजर ओट्यावरच्या चिपेकडे गेली. माळेवरचा अंगठा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "तुझ्या या काचेला मेरू असतो का गं?"

असतो. रोज सकाळी रक्ताला हात लावण्याआधी मी चिपमधून आधी मणी सोडते. आम्ही त्यांना बीड्सच म्हणतो. पॉलिस्टायरीनचे गोल कण, सगळे एका मापाचे, १० मायक्रॉनचे. त्यांची टेकाडं एका उंचीची आली तरच पुढे जायचं. नाहीतर तिथूनच परत फिरायचं, चिप धुवायची, हवा काढायची, पुन्हा मणी सोडायचे. आईंना मी या मण्यांची गोष्ट सांगितली. १० मायक्रॉनचे हुबेहूब एकसारखे मणी करणं एके काळी जमिनीवर जमत नव्हतं. वाढता वाढता ते जड होऊन तळाला बसत नाहीतर वर तरंगत, आणि बसू नयेत म्हणून ढवळलं तर एकमेकांना चिकटत. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून ते अवकाशात नेऊन वाढवले. तिथे वजनच नाही, त्यामुळे मणी जागच्या जागी राहिले आणि एकेकटे वाढले. १९८५ साली मापाचा नमुना म्हणून ते विक्रीला आले. अवकाशात तयार होऊन पृथ्वीवर विकली गेलेली ती पहिली वस्तू.

"चिकटू नयेत म्हणून एवढ्या वर नेले?" आईंनी विचारलं.

"हो."

त्यांनी माळेकडे पाहिलं. बोलण्यात अंगठा घसरला होता, कितवा मणी होता ते राहिलं नव्हतं. चहा बाजूला सारून त्यांनी माळ सरकवत सरकवत मेरूपर्यंत आणली आणि पुन्हा पहिला मणी अंगठ्याखाली घेतला. मी चिप रुमालात गुंडाळायला गेले, मग तो तंतू आठवला, आणि स्वच्छ डबी शोधायला उठले.